नियम लिहिलाय, तरी एजंट थांबत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

कोडिंग एजंट म्हणजे तुमच्या वतीने कोड लिहिणारं आणि कमांडी चालवणारं एआय साधन. त्याने धोकादायक कमांड चालवू नये म्हणून आपण अडवणारे नियम लिहितो; ते चालत नसतील तेव्हाचा हा लेख. आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- नियम फाईलमध्ये डोळ्यांसमोर आहे, तरी कोडिंग एजंटने ‘आरएम -आरएफ’ (न विचारता अख्खं फोल्डर पुसणारी कमांड) खुशाल चालवली. स्क्रीनवर अवाक्षर नाही.
- काल अडवत होता, आज सोडतोय. किंवा एक सोडून एक अडवतोय.
- तुमच्या लिनक्सवर नियम चालतो, शेजारच्या मॅकवर नाही.
- भलतंच अडतं. ‘एनपीएम रन फॉरमॅट’ अडलं, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवणं अडलं, डॉकर अडलं.
- अडवतो खरा, पण एजंट तीच कमांड जरा फिरवून पुन्हा मारतो, आणि तिसऱ्या फेरीत ती सुटते.
- हुक (कमांडआधी आपोआप चालणारी तुमची स्क्रिप्ट) लावल्यापासून प्रत्येक कमांडआधी एजंट विचारात पडल्यासारखा गप्प बसतो.

कमांडी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टंकताना अर्थात रोमन.

हा बिघाड मी आधी स्वतःच्या मशीनवर, मग टीममधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मशीनवर काढला आहे. प्रत्येकाचा पहिला हात पॅटर्नकडे, म्हणजे कोणता मजकूर अडवायचा त्या नमुन्याकडे, जातो. रेजेक्स (असा नमुना लिहायची सांकेतिक भाषा) उघडायचं, त्यात दोन कंस घालायचे, पुन्हा चालवायचं, पुन्हा दोन कंस. अर्ध्या तासाने पॅटर्न कुणालाच वाचता येत नाही आणि बिघाड होता तिथेच असतो. म्हणून पॅटर्नला हात लावण्याआधी साखळी बघा. मी रोज क्लॉड कोड हा कोडिंग एजंट वापरतो, उदाहरणं त्याचीच देतो. एजंट काही चालवण्याआधी ते साधन तुमच्या हुकला विचारतं. कोणतं टूल, कोणती कमांड, हे सगळं जेसनमध्ये (माहिती मांडायचा एक मजकुरी साचा) बांधून तुमच्या स्क्रिप्टच्या स्टँडर्ड इनपुटवर टाकतं. स्क्रिप्ट त्यातली कमांड काढते, पॅटर्नशी ताडून पाहते आणि बाहेर पडताना एक आकडा मागे ठेवते. अडवायचं की सोडायचं ते सहसा त्या आकड्यावर. यात पॅटर्न ही एकच कडी आहे, आणि तुटलेली कडी बहुतेक वेळा दुसरीच निघते.

१. नियम जागा तरी आहे का?

खर्च दोन मिनिटं. खऱ्या धोकादायक कमांडने चाचणी घेऊ नका. एक तात्पुरता नियम करा, ज्याचा पॅटर्न म्हणजे कुठेच न येणारा साधा शब्द. मी ‘फणसपोळी’ घेतो, रोमनमध्ये. मग एजंटला सांगा, ‘इको फणसपोळी’ चालव. अडलं, तर साखळी शाबूत आहे आणि दोष खरोखर तुमच्या मूळ पॅटर्नमध्ये आहे. दुसऱ्या मुद्द्यावर नजर टाका आणि मग थेट चौथ्यावर जा. नाही अडलं, तर तुमचं रेजेक्स कितीही सुबक असो, एकतर ते कुणी वाचतच नाहीये, नाहीतर स्क्रिप्टचा आकडा चुकतोय (तिसरा मुद्दा).

वाचलं जात नाही याची कारणं साधी असतात. नियम चुकीच्या फाईलमध्ये असतो. क्लॉड कोडमध्ये सेटिंग्ज घरच्या फोल्डरमध्ये असतात, प्रोजेक्टमध्ये असतात, आणि प्रोजेक्टमधलीच एक ‘लोकल’ फाईल असते जी गिटमध्ये जायची नसते. नियम लोकल फाईलमध्ये लिहिला की तुमच्याकडे चालतो आणि बाकी कुणाकडेच पोचत नाही. ‘माझ्याकडे तर अडतंय की’ हे वाक्य ऐकलं की मी आधी हीच फाईल बघतो. दुसरं कारण, बदल करून सेशन जुनंच चालू ठेवलेलं. बंद करून पुन्हा उघडा, मग बोला. तिसरं, टूलचं नाव. कोणत्या टूलवर नियम लागू हे सांगणाऱ्या मॅचरमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो. ‘बॅश’चं पहिलं अक्षर कॅपिटल नसेल तर नियम कशालाच लागत नाही. फाईलींसाठीचा नियम फक्त ‘राइट’ टूलवर लावला आणि एजंटने ‘एडिट’ वापरलं, तरी तेच. ‘/हुक्स’ लिहिलं की कोणते हुक नोंदलेत ते दिसतं. तिथे तुमचा नियम नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

हुकिफायसारखं प्लगइन वापरत असाल, तर नियमाच्या डोक्यावरच्या यामलमध्ये (सेटिंग्ज लिहायचा मजकुरी साचा) ‘ॲक्शन’ काय आहे ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर तो फक्त इशारा देतो, अडवत नाही. इशारा आला तरी काम पुढे चालूच राहतं.

२. उलट्या तिरप्या रेघा

हा खर्च पाच मिनिटांचा, आणि माझ्या मते याच्याइतका फसवा बिघाड या साखळीत दुसरा नाही. रेजेक्समध्ये शब्दाची सीमा दाखवायला ‘\बी’ लिहितात. पण जेसनच्या अवतरणात एकेरी ‘\बी’ म्हणजे बॅकस्पेसचं अक्षर. जेसनच्या दृष्टीने ते वैध आहे, म्हणून चूक दाखवली जात नाही. तुमचा नियम आता ‘बॅकस्पेस, मग आरएम, मग बॅकस्पेस’ असा मजकूर शोधत बसतो. तो जन्मात सापडणार नाही. साध्या पायथन स्ट्रिंगमध्येही हेच होतं; तिथे अवतरणाआधी ‘आर’ लावून कच्ची स्ट्रिंग घ्यायची. जेसनमध्ये रेघ दुहेरी करायची.

‘\एस’ची (रेजेक्समध्ये कोणतीही रिकामी जागा) तऱ्हा वेगळी. जेसनमध्ये एकेरी ‘\एस’ वैधच नाही, त्यामुळे अख्खी फाईल नापास होते. म्हणजे एक नवा नियम टाकला आणि आधीचे चालणारे दहा नियमही एकदम मुके झाले, असं दिसतं. ‘काल अडवत होता, आज नाही’ याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. फाईल जेक्यू या जेसन वाचणाऱ्या साधनातून एकदा गाळून घ्या, वैध नसेल तर तो ओळीसकट सांगतो.

यामलमध्ये पॅटर्न एकेरी अवतरणात ठेवा आणि विसरून जा. दुहेरीत ठेवला तर वरचीच कटकट. उघडा ठेवला तर चौकटी कंसाने किंवा तारकेने सुरू होणारा पॅटर्न यामल भलताच वाचतो, आणि मध्ये जागा सोडून ‘#’ आला की पुढचा भाग टिप्पणी समजून टाकून देतो.

आणखी एक. नियम कुठल्या चॅटमधून किंवा वर्डमधून चिकटवला असेल तर सरळ अवतरणांच्या जागी वाकडी अवतरणं आली असतील, दोन हायफनच्या जागी एक लांब रेघ आली असेल. डोळ्यांना दिसत नाही. हाताने पुन्हा टंका.

३. बाहेर पडतानाचा आकडा

क्लॉड कोडच्या हुकमध्ये अडवायचं असेल तर स्क्रिप्टने २ देऊन बाहेर पडायचं. १ देऊन नाही. आयुष्यभर आपण ‘शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे चूक’ हे शिकलेलो असतो, त्यामुळे हात आपोआप १ लिहितो. १ म्हणजे इथे ‘हुकमध्ये काही गडबड झाली, पण काम पुढे चालू द्या’.

याचा परिणाम लक्षात घ्या. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी दार उघडंच राहतं. नव्या लॅपटॉपवर जेक्यू टाकलेलं नाही, स्क्रिप्टने त्याला हाक मारली, शेलने १२७ दिला, म्हणजे २ नाही, म्हणजे कमांड गेली. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिलेली नाही, १२६, कमांड गेली. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलंय, शेलला इंटरप्रिटरच सापडत नाही, कमांड गेली. स्क्रिप्टचा पत्ता सापेक्ष लिहिलाय आणि एजंट मधल्या काळात दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलाय, तरी गेली. रखवालदार जागेवर नाही म्हटल्यावर फाटक उघडं, असा हा कारभार. म्हणून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकच गोष्ट असते: जेक्यू आहे का बघ, नसेल तर ओरडून २ देऊन बाहेर पड.

सर्वांत लाजिरवाणी चूक माझी स्वतःची. स्क्रिप्टची शेवटची ओळ होती नुसती ग्रेप, म्हणजे मजकूर शोधणारी कमांड. ग्रेपला मजकूर सापडला की तो ० देतो, नाही सापडला की १. म्हणजे धोकादायक कमांड आली की माझी स्क्रिप्ट शांतपणे ० देऊन ‘सगळं ठीक’ म्हणत होती, आणि साध्या कमांडीवर कुरकुर करत होती. बरोब्बर उलटं. ती कुरकुर बघून मला वाटत होतं, वा, नियम जागा आहे. ग्रेपला नेहमी ‘जर’च्या आत ठेवा आणि आकडा स्वतः लिहा.

कारणाचा मजकूरही योग्य दाराने बाहेर काढा. २ दिल्यावर एजंटला जे ऐकू जातं ते स्टँडर्ड एररमधून. साध्या इकोने लिहिलेलं ‘हे करू नको, त्याऐवजी असं कर’ हे त्याच्यापर्यंत जात नाही. मग तो बिचारा काय करणार? अडलं एवढंच कळतं, का ते कळत नाही, म्हणून तो वेगळ्या रूपात तेच करून बघतो. पाचव्या लक्षणातला निम्मा भाग एवढ्यावर बरा होतो.

हे सगळं एजंटशिवाय तपासता येतं. जेसनची एक ओळ हाताने लिहून स्क्रिप्टला पाजा, आणि लगेच ‘इको $?’ करून आकडा बघा. एजंटला कामाला लावून दर वेळी मिनिटभर थांबण्यात काही अर्थ नाही.

४. नियमाच्या हातात नेमका कोणता मजकूर पडतो?

आता पॅटर्नच्या जवळ आलो. पण अजून एक थांबा. हुकमध्ये एक ओळ घाला: जे काही स्टँडर्ड इनपुटवर आलं ते जसंच्या तसं एका फाईलमध्ये उतरव. दिवसभर एजंटला काम करू द्या आणि संध्याकाळी ती फाईल वाचा. ही फाईल वाचल्यावर मी माझे निम्मे नियम पुन्हा लिहिले, कारण माणूस जशी कमांड टंकतो तशी एजंट टंकतच नाही.

त्यात दिसतं ते असं. कमांड क्वचितच एकटी येते. आधी ‘सीडी’, मग दोन अँपरसँड, मग ती. म्हणजे ओळीच्या सुरुवातीला खिळलेला पॅटर्न बाद. पायथनमध्ये ‘रे.मॅच’ वापरलं असेल तर ते मुळात सुरुवातच बघतं, खिळा न मारताही, ‘रे.सर्च’ हवं. लांब कमांड उलटी रेघ देऊन पुढच्या ओळीवर मोडलेली असते, आणि रेजेक्समधला टिंब नवी ओळ ओलांडत नाही. दोन शब्दांत कधी दोन जागा असतात. कधी पूर्ण पत्ता असतो, म्हणजे ‘/बिन/आरएम’. एसक्यूएल कधी सगळं कॅपिटल, कधी सगळं स्मॉल. ‘ड्रॉप टेबल’चा नियम अक्षरांचा आकार सोडून ताडत नसेल तर निम्म्या कमांडी चाळणीतून गळतात.

५. पॅटर्न, अखेर

दोन प्रकारे चुकतो: फार रुंद किंवा फार अरुंद.

रुंदपणाची गोष्ट आधी, कारण ती जास्त घातक. टीममधल्या एकीने सकाळी सकाळी सांगितलं, “दादा, फॉरमॅट चालवायला गेलं की तुझा नियम फाईली पुसतोय म्हणून ओरडतो.” बघितलं तर नियमात नुसतं ‘आरएम’ होतं, आणि इंग्रजी ‘फॉरमॅट’च्या पोटात आर आणि एम शेजारी शेजारी बसलेत. टेराफॉर्म, कन्फर्म, परफॉर्म, सगळ्यांच्या पोटात आहेत. मी दोन्ही बाजूंना शब्दाची सीमा लावली आणि निर्धास्त झालो. दुपारी ‘डॉकर रन --आरएम’ अडलं. हायफन हे शब्दातलं अक्षर नाही, त्यामुळे त्याच्या पुढे सीमा असतेच. ‘गिट आरएम’ही अडलं. तोवर तिने नियमच बंद करून टाकला होता, आणि मला ते आठवड्याने कळलं. तिची चूक नव्हती. चार वेळा उगाच भुंकणाऱ्या कुत्र्याला पाचव्या वेळी कोण दाद देतो?

‘.ईएनव्ही’ची गंमत याहून मोठी. गुपितांची फाईल वाचवायची म्हणून लोक पॅटर्नमध्ये नुसतं तेवढं लिहितात. रेजेक्समध्ये उघडा टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर, त्यामुळे ‘व्हीईएनव्ही’ सापडतं आणि पायथनवाले खोळंबतात. टिंबाआधी उलटी रेघ दिली की ते सुटतं. पण मग जावास्क्रिप्टमधली ‘प्रोसेस.ईएनव्ही’ असलेली प्रत्येक ओळ अडते, कारण तिथे टिंब खराखुरा आहे. आणि ‘.ईएनव्ही.एक्झाम्पल’ ही तर गिटमध्ये ठेवायचीच फाईल, तीही अडते. इथे उपाय रेजेक्समध्ये नाहीच. नियम फाईलच्या पत्त्यावर लावा, मजकुरावर नको. जेसनमध्ये दोन्ही वेगवेगळ्या खणांत येतात. अख्ख्या जेसनवर एकच ग्रेप मारला की खण मिसळतात आणि हा घोळ होतो.

अरुंदपणा म्हणजे उलट बाजू. ‘आरएम -आरएफ’ अडवलंत. ‘-एफआर’ सुटलं. ‘-आर -एफ’ सुटलं. ‘--रिकर्सिव्ह --फोर्स’ सुटलं. ‘गिट पुश --फोर्स’ (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणारी कमांड) अडवलंत. ‘-एफ’ सुटलं, आणि ब्रँचच्या नावाआधी नुसतं अधिकचं चिन्ह दिलं तरी तो फोर्स पुशच असतो हे अनेकांना ठाऊक नसतं, तेही सुटलं. ‘गिट’ आणि ‘पुश’च्या मध्ये फोल्डर सांगणारा ‘-सी’ आला की सलग शब्दांचा पॅटर्न तुटतो. आणि त्याच वेळी त्यातल्या त्यात सभ्य असलेलं ‘--फोर्स-विथ-लीज’ मात्र विनाकारण पकडलं जातं.

मी आता दोन थर ठेवतो. जे कधीच व्हायला नको त्यासाठी अरुंद, नेमका पॅटर्न आणि थेट नकार. जे संशयास्पद आहे त्यासाठी रुंद पॅटर्न, आणि तिथे हुकने ‘विचारा’ असा निर्णय द्यायचा, म्हणजे माणसासमोर प्रश्न येतो. रुंद पॅटर्न आणि थेट नकार हे एकत्र आले की तुमचा नियम कुणीतरी बंद करणारच.

प्रत्येक नियमाशेजारी एक साधी मजकूर फाईल ठेवा. वरच्या भागात अडायलाच हव्यात अशा कमांडी, खालच्या भागात सुटायलाच हव्यात अशा. दहा-दहा ओळी पुरतात. पॅटर्नला बोट लावलं की सगळ्या ओळी त्यातून फिरवायच्या. खालचा भाग लोक लिहीत नाहीत. ‘फॉरमॅट’, ‘डॉकर रन --आरएम’ आणि ‘प्रोसेस.ईएनव्ही’ माझ्या फाईलमध्ये पहिल्या तीन ओळी आहेत.

६. रेजेक्सची बोलीभाषा

पॅटर्न अगदी बरोबर, पण तो वाचणारं इंजिन दुसऱ्या गावचं. लिनक्सवरच्या ‘ग्रेप -ई’ला ‘\डी’ म्हणजे अंक हे कळत नाही. चौकटी कंसात शून्य ते नऊ लिहा. लिनक्सवर लोक ‘ग्रेप -पी’ वापरतात, मॅकसोबत येणाऱ्या ग्रेपला तो पर्यायच नाही. तिथे ग्रेप चूक दाखवून बाहेर पडतो, तुमचं ‘जर’ त्याला ‘सापडलं नाही’ समजतं, आणि कमांड जाते. तिसऱ्या लक्षणाचं हे ठरलेलं कारण. आमच्याकडे मी सगळे हुक पायथनमध्ये हलवले आणि हा प्रश्न कायमचा मिटला.

‘एक सोडून एक’ अडत असेल आणि नियम जावास्क्रिप्टमध्ये असेल, तर पॅटर्नच्या शेवटी ‘जी’ झेंडा आहे का बघा. तो असला की रेजेक्स मागच्या वेळी कुठे सापडलं होतं ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच शोधायला लागतं. प्लगइन सतत चालू राहणारं असेल तर पहिली कमांड अडते, दुसरी सुटते, तिसरी अडते. ‘जी’ काढून टाका. इथे त्याचं काही काम नाही.

७. फोल्डरची नावं मराठीत असतील तर

हे इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही. एका पतसंस्थेचं काम करताना डेटाचं फोल्डर होतं ‘शेतकऱ्यांची यादी’. त्याला एजंटने हात लावू नये असा नियम होता. लावला.

दोन कारणं एकात एक गुंतलेली. पहिलं, पायथनचं नेहमीचं ‘रे’ काना-मात्रा-वेलांटीला शब्दातलं अक्षर मानत नाही. ‘शेतकरी’ शब्द ‘\डब्ल्यू+’ने (म्हणजे शब्दातली सलग अक्षरं) शोधायला सांगा, ‘श’ आणि ‘तकर’ असे दोन तुकडे हातात येतात. त्यामुळे शब्दाची सीमा मराठी शब्दांच्या मधोमध पडते, आणि जिथे हवी तिथे, म्हणजे वेलांटीने किंवा मात्रेने संपणाऱ्या शब्दानंतर, पडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर ‘\डब्ल्यू’ला देवनागरी अक्षरच दिसत नाही.

दुसरं कारण त्या ‘ऱ्यां’मधला अर्धा र. तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि पुढे ‘य’. किंवा साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह, मग ‘य’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. फोल्डर एका कीबोर्डवर बनलं, नियम दुसऱ्या कीबोर्डवर लिहिला, आणि संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नॉर्मलायझेशन करूनही हे दोन एक होत नाहीत, कारण प्रमाणात ते समतुल्य धरलेलेच नाहीत. पॅटर्नमध्ये दोन्ही रूपं लिहा. मी तेही केलं नाही. वरच्या फोल्डरला रोमन नाव दिलं आणि नियम त्या वरच्या फोल्डरवर लावला. मराठी नाव आत सुखाने नांदतंय.

८. सगळं मंद झालं असेल

पॅटर्नमध्ये ‘.*.*’ असं काही दिसतं का बघा. असे एकापुढे एक मोकाट तुकडे असले की काही मजकुरांवर रेजेक्स मागे-पुढे फिरत राहतं आणि प्रोसेसर खातं. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या फायरवॉलमधल्या अशाच एका नियमाने त्यांचं जगभरातलं जाळं सुमारे २७ मिनिटं आडवं केलं होतं, आणि तो नियम लिहिणारे नवखे नव्हते. एजंट फाईल लिहितो तेव्हा हुकला हजारो ओळींचा मजकूर येतो, तिथे हे उघडं पडतं. आणि हुकची वेळमर्यादा संपली की तो रद्द होतो, म्हणजे पुन्हा फाटक उघडं. टिंब-तारका काढा, त्याजागी ‘जागा सोडून काहीही’ किंवा ‘अवतरण सोडून काहीही’ असं नेमकं लिहा.

९. सगळं बरोबर, तरी एजंट वळसा घालतो

इथे पोचलात तर बिघाड उरलेला नाही. पॅटर्नची कुवत संपली.

‘आरएम’ अडवलं की एजंट ‘फाइंड’ला ‘-डिलीट’ लावतो. ते अडवलं की पायथनची एक ओळ लिहून फोल्डर उडवतो. तेही अडवलं की ‘क्लीनअप’ नावाची स्क्रिप्ट लिहितो आणि ती चालवतो. कमांडमध्ये तेव्हा स्क्रिप्टच्या नावाशिवाय काहीच नसतं, ताडणार कशाशी? यात त्याचा डाव नसतो. त्याला काम पुरं करायचं असतं आणि एक वाट बंद दिसली म्हणून तो दुसरीने जातो. क्लॉड कोडच्या दस्तऐवजातही कमांडच्या आर्ग्युमेंटवर बंधन घालू पाहणारे नमुने नाजूक असतात असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नियम विसरभोळेपणाला अडवतो. वाट शोधणाऱ्याला अडवायला भिंत लागते, आणि भिंत रेजेक्सची नसते.

नुसत्या सूचनेचा तर विषयच सोडा. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने कोड गोठवलेला आहे असं बजावलेलं असताना एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन (म्हणजे खरा, वापरात असलेला) डेटाबेस उडवला. त्यानंतर कंपनीने विकसनाचा आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस वेगळा करण्याचं काम हाती घेतलं. उपाय कुठल्या थरावर झाला ते बघा. एजंटला आणखी कडक शब्दांत बजावून नाही.

म्हणून नववी पायरी म्हणजे नियम सोडून खालच्या थरावर जाणं. एजंटला कंटेनरमध्ये किंवा सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या फाईलींपासून तोडलेल्या बंदिस्त जागेत, चालवा. क्लॉड कोडचा सँडबॉक्स लिनक्सवर बबलरॅप आणि मॅकवर सीटबेल्ट वापरतो, म्हणजे अडवणूक ऑपरेटिंग सिस्टिम करते आणि कमांड कशी लिहिली याने फरक पडत नाही. फोर्स पुशची यादी वाढवत बसण्यापेक्षा गिटहबवर मेन ब्रँचला संरक्षण लावा. दहा मिनिटांचं काम आहे. डेटाबेसला फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर द्या. प्रॉडक्शनचा पासवर्ड एजंटच्या मशीनवर ठेवूच नका. जे तिथे नाही ते त्याला वापरता येत नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

एका नियमावर दोन तास गेले आणि पॅटर्न एका ओळीत मावेनासा झाला, तर थांबा. तो नियम चालला तरी पुढच्या महिन्यात तुम्हालाच वाचता येणार नाही. तुमच्या डेव्हऑप्सवाल्या माणसाला सांगा, हे परवानगीच्या थरावर करून दे.

एजंटला प्रॉडक्शनची किल्ली मिळते असं लॉगमध्ये दिसलं, तर नियम दुरुस्त करणं त्याच क्षणी सोडा. आधी किल्ली बदला, मग सुरक्षा बघणाऱ्याला फोन. एजंटने जे वाचलं ते त्याच्या संभाषणात आलेलं असतं, आणि फाईल किंवा कमिट पुसून ते मागे घेता येत नाही.

डेटा गेला असेल तर एजंटला ‘परत आण’ असं सांगू नका. ही चूक भीतीपोटी होते, माझ्यासमोर झाली आहे. गिटमध्ये कधी ॲडच न केलेली फाईल गिट परत देऊ शकत नाही, आणि एजंट शोधाशोध करताना डिस्कवर आणखी लिहीत राहतो. सेशन बंद करा, त्या मशीनवर काही करू नका, आणि बॅकअप सांभाळणाऱ्याला किंवा डेटाबेसवाल्याला बोलवा. ग्राहकांची माहिती त्यात असेल तर तुमच्या वरिष्ठांनाही त्याच मिनिटाला सांगा, दुरुस्तीनंतर नाही.

येणाऱ्या माणसाच्या हातात चौथ्या पायरीतली ती लॉगची फाईल, हुकची स्क्रिप्ट, सेटिंग्जच्या सगळ्या फाईली आणि एजंटची आवृत्ती एवढं ठेवा. चौथी पायरी गाळली असेल तर लॉग नसेल, आणि तो पहिला प्रश्न तोच विचारेल.